धक्क्याने गाय पडत नाही

माणसांच्या दवाखान्यात लोक गप्प बसलेले असतात. आपलं दुखणं चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून खाली मान घालून नंबराची वाट बघतात. जनावरांच्या दवाखान्यात तसं नसतं. दुखणं बैलाचं, त्यात मालकाला लाज कसली? शिवाय बसायला बाक एकच, आणि त्यावर आमच्या परिचराचा, म्हणजे शामरावचा, जेवणाचा डबा. मग मालक हातात दावं धरून उभा राहतो, आणि उभ्या माणसाचं तोंड आपोआप चालू होतं. अकरा वर्षांत माझ्याकडं जेवढी औषधं आली नाहीत तेवढे किस्से जमलेत. औषधांची एक्स्पायरी तरी होते!

मी अमडापूरच्या अलीकडं एका गावात जनावरांची डॉक्टर आहे. माहेर देऊळगाव राजाचं. स्वभाव म्हणाल तर मला एका जागी बसवत नाही. केस नसली की मी व्हरांड्यात फेऱ्या मारते, फ्रीज उघडून लसी मोजते, परत फेऱ्या मारते. शामराव एकदा म्हणाला, "मॅडम, सरकारनं तुम्हाले खुर्ची देली, ते चावते काय जी?"

हे वर्ष तर फारच वाईट गेलं. कारण आमच्या गावचे नालबंद गफूरचाचा यांनी काम सोडलं. नालबंद म्हणजे बैलाला दोरीनं आडवा पाडून, पाय बांधून, त्याच्या खुरांना लोखंडी नाल ठोकणारा माणूस. डांबरी रस्त्यावर चालून बैलाची खुरं झिजतात, म्हणून नाल लागतेच. आणि मलाही बैलाच्या पायात काही करायचं तर आधी बैल आडवा पाहिजे, आणि तो आडवा करावा तर चाचांनीच. ते परत दोरी हातात घेतील की नाही, या एका काळजीनं माझं डोकं फिरलेलं होतं. का सोडलं ते सांगते, पण ओळीनं सांगू द्या. मला घाई झाली की मी शेवट आधी सांगून टाकते.

*

बैल पाडण्याची एक दंतकथा आमच्या जिल्ह्यात प्रत्येक गावात आहे. प्रत्येकाच्या आज्यानं एकदा तरी नुसत्या हातानं बैल पाडलेला असतो. कोणाच्या आज्यानं शिंगं धरून पाडला, कोणाच्या आज्यानं शेपटी पिळून. माझी आईसुद्धा सांगते की तिच्या चुलत्यानं देऊळगावच्या बाजारात उधळलेला वळू खांदा लावून आडवा केला. मी विचारलं, तू बघितलास? तर म्हणाली, "अगं, मी तेव्हा कुठं होते!"

शामरावचा आजा या सगळ्यांच्या वरचा. त्यानं एका बुक्कीत पाडला. हा किस्सा मी पहिल्या महिन्यात तीनदा ऐकला, आणि प्रत्येक वेळी बैल थोडा मोठा होत गेला. मी विचारायची, कोणी पाहिलं? शामराव म्हणायचा, अख्ख्या गावानं. त्यातलं आज कोण आहे? तर एकेक नाव घ्यायचा आणि वर बोट दाखवायचा.

मग एक दिवस तुकारामआबा शेळी घेऊन आले. वय नव्वदीच्या पुढं, पण कान-डोळे शाबूत. शामरावला एवढा आनंद झाला की त्यानं बाकावरचा डबा उचलून त्यांना बसायला जागा दिली. म्हणाला, हे घ्या मॅडम, हे होते तिथं. यांच्या डोळ्यांदेखत झालं. इचारा.

मी विचारलं. आबांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत जरा आठवल्यासारखं केलं.

"हाव, पाह्यलं ना," म्हणाले. "बैलानं याच्या आज्याले पाडलं होतं."

शामराव त्या दिवशी आबांशी बोलला नाही. शेळीला औषधही मीच पाजलं. पण पुढच्या महिन्यात किस्सा परत सुरू झाला, आणि आता शेवटी एक वाक्य जास्त असतं. "इस्वास नसन तं तुकारामआबाले इचारा. ते होते तिथं!"

*

तुम्हाला वाटेल, हे खेड्यातलंच. तर ऐका.

माझा धाकटा दीर निखिल पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला आमच्याकडं आला, आणि करमेना म्हणून माझ्यासोबत दवाखान्यात येऊन बसला. तासाभरानं म्हणतो, वहिनी, गाई उभ्या उभ्या झोपतात ना? तिकडं बाहेरच्या देशात म्हणे पोरं कुरणात जातात आणि झोपलेल्या गाईला नुसता धक्का देतात. गाय धप्पकन आडवी.

मी विचारलं, तू पाहिलंस? नाही. मग कोणी? त्याच्या मित्राच्या रूममेटनं. म्हणजे शामरावचा आजा इंग्रजी शिकून परदेशात गेला होता तर!

मी त्याला नीट सांगितलं की गाय उभ्यानं फार तर डुलकी घेते, गाढ झोपायला ती खालीच बसते. आणि जागी असो की पेंगत असो, तिच्यापाशी माणूस आला की तिला आधी कळतं. पण निखिलचं पटेना. त्यानं माझ्याच केस पेपरच्या मागं गणित मांडलं. गाईचं वजन, उंची, कोन, एका माणसाचा जोर. उत्तर आलं की पडायला पाहिजे.

आवारात सुखदेवभाऊंची कपिला बांधलेली होती. सुखदेवभाऊ आमच्या गावचे शेतकरी, एक बैलजोडी आणि ही गाय. दुपारचे चार वाजलेले, कपिला भिंतीपासून चार हातांवर डोळे मिटून रवंथ करत उभी. निखिलनं मालकाची रीतसर परवानगी मागितली. सुखदेवभाऊ तंबाखू मळत म्हणाले, ढकला ना साहेब, तिले बरं वाटते.

निखिल भिंतीच्या बाजूनं गेला, दोन्ही हात तिच्या कुशीला लावले आणि जोर केला. कपिलाला वाटलं, कोणीतरी खाजवतंय. ती त्याच्यावर रेलली. त्यानं अजून जोर केला, ती अजून रेलली. गाईला कोणी दाबलं की ती उलट दाबते, एवढी साधी गोष्ट. हळूहळू माझा दीर मागं सरकत भिंतीला टेकला, आणि कपिला त्याला टेकली. डोळे अजून मिटलेलेच!

"वहिनी," आतून बारीक आवाज आला, "हिला काढा."

शामराव केस पेपर उलटा करून बघत होता. म्हणाला, "साहेब, गणितात भिंत धरली नोती काय?"

*

आता खरा बैल कसा पाडतात ते सांगते, आणि त्यात माझी फजिती आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष. कॉलेजात दोरीच्या तीन वेढ्यांची आकृती मी इतकी छान काढायची की सर वर्गात दाखवायचे. एक मानेशी, एक छातीशी, एक कमरेशी, आणि मागून ओढायचं. इथं एका बैलाच्या खुरात खडा रुतला होता. मी आकृतीप्रमाणे वेढे घातले, सहा माणसं दोरीला लावली आणि ओढा म्हणाले. सहा जण ओढत होते आणि बैल उभा. मध्येच त्यानं एक पाय उचलून परत ठेवला तर दोन माणसं बसली. मी ओरडत होते, अजून ओढा! मला घाम फुटला. बाई डॉक्टर आली म्हणून बघायला निम्मं गाव जमलेलं.

गफूरचाचा आपल्या बकरीसाठी जंताचं औषध न्यायला आले होते. साठीचे, शिडशिडीत, डोक्यावर टोपी, हातात बाटली. बराच वेळ बाजूला उभे राहून बघत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, मॅडम, मी हात लावू काय? मला खरं तर राग आला होता, पण नाही कशी म्हणणार?

त्यांनी माझी सगळी दोरी सोडली. आधी मालकाला विचारलं, सकाळी काय खाल्लं यानं? पोट भरलेला बैल ते पाडत नसत. मग खाली बसून हातानं जमीन झाडली, एकेक खडा वेचून बाहेर टाकला. दोरी घातली, वेढे माझेच तीन, फक्त गाठ चार बोटं मागं. आणि मग उभेच राहिले. मिनिट झालं, दोन झाली. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, चाचा, ओढा ना!

"त्याले इचार तं करू द्या," चाचा म्हणाले.

मग विहिरीतून भरलेली बादली काढावी तसं त्यांनी हळूहळू ओढलं. बैलानं मागचे पाय वाकवले, पुढचे वाकवले, आणि बसला. मग कुशीवर झाला. चाचांनी त्याच्या शिंगाखाली आपला तळहात ठेवला होता, शिंग जमिनीला लागू नये म्हणून. सहा माणसं नुसती बघत होती.

चाळीस वर्षांत आपल्या हातून एका बैलाचं शिंग मोडलं नाही की एक बैल लंगडला नाही, एवढीच त्यांची फुशारकी. तीही ते स्वतः सांगत नसत, चाची सांगायच्या. त्या दिवसापासून माझी सगळी पायाची कामं त्यांच्या भरवशावर झाली. मी शिकायचा प्रयत्न पुष्कळ केला. वेढे येतात, गाठ येते. ते थांबणं येत नाही.

*

चाचांच्या हाताचा बैल कसा होतो ते अमडापूरच्या बाजारात एकदा सगळ्यांनी बघितलं.

गावातल्या एकानं आपला म्हातारा बैल विकायला नेला. दहा वर्षं चाचांकडून नाल ठोकून घेतलेला बैल. गिऱ्हाईक देऊळगावकडचं. बैलाचे दात बघितले, चाल बघितली, पसंत पडला. मग त्या माणसानं आपली नवी दोरी बैलाच्या पाठीवर टाकली, पोटाखालून घेतली आणि छाती मापायला जरा आवळली.

बैल शहाण्यासारखा खाली बसला, कुशीवर झाला आणि चारही पाय एकत्र करून वाट बघत राहिला.

गिऱ्हाईक घाबरलं. बैल गेला, बैल गेला, म्हणून आरडाओरडा. मी त्या दिवशी बाजारात लसीकरणाला होते, बॅग घेऊन पळत आले. नाडी ठीक, श्वास ठीक, डोळे स्वच्छ. बैल माझ्याकडं बघतोय आणि मी बैलाकडं. तेवढ्यात गर्दीतून चाचा आले, हातात भज्यांचा कागद. त्यांनी बैलाच्या पायांकडं बघितलं आणि गालातल्या गालात हसले. दोरी काढली आणि म्हणाले, ऊठ बे, आज नाही. बैल उठला.

त्या गिऱ्हाइकानं काही बैल घेतला नाही. असा भित्रा बैल नको म्हणाला. पण मागं उभ्या असलेल्या दुसऱ्यानं लगेच घेतला. त्याचं म्हणणं, याला पाडायला माणसं बोलवायची कटकट गेली.

परत येताना शामराव गाडीवर मागून म्हणतो, "मॅडम, हा बैल तुमच्या दोरीनं बसला असता काय?" मी गाडी मुद्दाम खड्ड्यातून घेतली.

*

आता ते व्हिडिओचं.

उन्हाळ्याचे दिवस, पेरणीच्या आधी नाल ठोकायची घाई. दवाखान्याच्या आवारात, लिंबाच्या सावलीत चाचा सुखदेवभाऊंच्या मोत्याला नाल ठोकत होते. मोत्या पांढरा बैल, एक शिंग खाली वळलेलं. समोर रस्त्यावर एसटी थांबली, आणि खिडकीतून कोणीतरी मोबाईल धरला. आठ-दहा सेकंद. दोरी, टोपीवाला माणूस, हातात खूर तासायची सुरी, आणि पांढरं जनावर आडवं पडलेलं. बस निघून गेली. आम्हाला पत्ताही नाही.

तिसऱ्या दिवशी दोन जीप भरून पोरं आली. गाय कुठं पाडली म्हणाले. मी बाहेर आले तर माझ्याकडं कोणी बघेना. एकानं मोबाईल पुढं केला. व्हिडिओखाली ओळ होती, "आपल्या भागात हे काय चाललंय?" चाचा तेव्हा तिथंच होते, लिंबापाशी, हात मागं बांधून.

सुखदेवभाऊ मोत्याला घेऊनच आले. धावत नाही, आपल्या चालीनं. बैल त्या पोरांच्या मधोमध आणून उभा केला.

"हा पाहा ते जनावर," म्हणाले. "हेच शिंग, हाच कान. आता पह्यले खाली वाकून पाहा गाय आहे का बैल आहे. मंग बोलू."

एक जण वाकला. मग दुसरा वाकला. मागच्यांनी विचारलं, काय आहे बे? वाकलेल्यानं उठून नुसती मान हलवली. एकानं खुरावरची नाल बघितली, त्याच्या घरीही बैल असावेत, विचारत होता की ही किती दिवस टिकते. मग पाणी प्यायले आणि गेले.

गेले, पण तेवढ्या वेळात चाचांना कोणी एक शब्द विचारला नाही. ना त्यांनी, ना आम्ही. ते लिंबापाशी उभेच होते. जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्यांनी दोरीची गुंडाळी केली.

"मॅडम, आता बस," म्हणाले. "आज बैल होता म्हून निभावलं. उद्या खरंच गाय असली तं?"

गाईचीही खुरं वाढतात, गाईलाही आडवं करावं लागतं. चाचांनी माझ्यासाठी किती गाई अशा धरल्या होत्या.

दोन दिवसांनी सुखदेवभाऊ एकटेच आले. शामराव बाहेर जाईपर्यंत थांबले. मग सांगितलं, ती ओळ त्यांच्या प्रशांतनं लिहिली होती. प्रशांत त्यांचा मोठा, मलकापूरला मोबाईलच्या दुकानात कामाला. व्हिडिओ कुठूनसा त्याच्याकडं आला, त्यानं ओळ टाकून शंभर जणांना पुढं पाठवला. स्वतःच्या घरचा बैल ओळखला नाही! ज्या चाचांच्या मांडीवर लहानपणी बसला ते ओळखले नाहीत. सुखदेवभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. मॅडम, चाचाले सांगू नोका, म्हणाले.

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. हे मी ठेवलं. पण त्यानं माझं बसणं-उठणं हराम झालं.

*

चाचांवाचून दिवस काढायचे म्हणून मी खोडा दुरुस्त केला. खोडा म्हणजे जनावर उभ्यानं अडकवायची लोखंडी चौकट. आमचा माझ्या आधीच्या डॉक्टरांपासून गंजलेला. शामरावनं त्याला रंग दिला, मी स्वतः बोल्ट आवळले. पहिलाच बैल आत घेतला, पाय उचलला, आणि बैलानं एक झटका दिला. पुढचा पाइप निघून त्याच्या गळ्यात अडकला आणि तो तसाच घराकडं चालू लागला. आम्ही मागं पळतोय, रंग अजून ओला.

दुसऱ्या दिवशी मालकानं पाइप आणून दिला. म्हणाला, "मॅडम, काल तुमचा दवाखाना आमच्या घरी आलता."

लोक हसले, मीही हसले. पण गावात बैल लंगडत होते. पोळ्याला मिरवणूक निघाली तर शिंगांना रंग, अंगावर झूल आणि पाय टाकतायत जपून जपून. चाचा त्या दिवशी घराबाहेर आले नाहीत. मला रडू आलं.

मी काही ना काही निमित्तानं त्यांच्या घरी जायची. चाचा चहा पाजायचे, पावसाचं बोलायचे, कापसाचं बोलायचे, माझ्या मुलीच्या शाळेचं विचारायचे. दोरीचं नाव काढलं की उठून बकरीला पाला टाकायला जायचे. एकदा ते असे गेले तेव्हा चाची माझ्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, यांचा हात थांबत नाही. घरातल्या चारही खाटा आडव्या पाडून त्यांचे पाय ठोकून झाले. शेजारच्यांच्याही झाल्या.

"मॅडम, यायले काही काम द्या," चाची म्हणाल्या. "आता घरात पाय असलेली मीच राह्यली."

*

आणि हा शेवटचा. गेल्या नवरात्रातला.

सुखदेवभाऊ तापानं पडले होते, म्हणून प्रशांत सुटी काढून आला होता. सकाळी दहाच्या सुमाराला तो मोत्याला घेऊन दवाखान्यात आला. मोत्याच्या मागच्या पायात खिळा घुसला होता, तीन दिवस झाले होते, आणि खूर सुजून गरम लागत होतं. मी दाबलं तर बैल थरथरला. आत पू. मी प्रशांतला सांगितलं, आडवा केल्याशिवाय हे उघडता येणार नाही, आणि आज उघडलं नाही तर खूर हातचं जाईल.

मग करा ना मॅडम, म्हणाला.

शामरावनं आभाळाकडं बघितलं. मी म्हटलं, मला येत नाही. चाचांना घेऊन ये.

त्याचा चेहरा उतरला. ते येतील काय, विचारलं. का नाही येणार, मी म्हटलं. मी दुष्टपणा केला, कबूल करते. मला बघायचंच होतं. त्यानं बैलाच्या पायाकडं बघितलं आणि मोटरसायकल काढली.

तो गेला आणि माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. बातमी लागली तसे सात-आठ जण जमले. अर्ध्या तासानं मोटरसायकल आली. मागं चाचा, मांडीवर दोरी. तिथं काय झालं ते चाचींनी नंतर सांगितलं. प्रशांत दारात उभा राहिला, बैलाचं सांगितलं. मग त्या व्हिडिओचं सांगायला लागला, तर चाचांनी हात वर केला आणि म्हणाले, पह्यले बैल.

चाचांनी विचारलं, सकाळी काय खाल्लं? काही नाही. खाली बसून जमीन झाडली, खडे वेचले. दोरी घातली. गाठ जिथं बसायची तिथंच बसली. मग थांबले. आम्ही सगळे थांबलो. या वेळी मीही काही बोलले नाही.

आणि दोरीचं टोक त्यांनी प्रशांतच्या हातात दिलं.

"ओढ."

प्रशांत म्हणाला, चाचा, मले नाही येत. चाचा जाऊन मोत्याच्या डोक्याशी उभे राहिले, एक हात शिंगाखाली, आणि मानेनं खूण केली. प्रशांतनं ओढलं. हळू, हळू, म्हणत चाचा त्याला सांगत होते, आणि तो डोळे गच्च मिटून ओढत होता. मोत्याचे मागचे पाय वाकले, पुढचे वाकले. बसला. कुशीवर झाला. प्रशांतनं डोळे उघडले तर बैल आडवा आणि दोरी त्याच्या हातात.

मी औजारं घेऊन पुढं झाले.

"एक मिनिट, मॅडम," चाचा म्हणाले. शामरावला डोकं धरायला लावलं आणि स्वतः उठले. चार पावलं मागं गेले, सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला.

"प्रशांत, इकडं पाह्य."

त्यानं बघितलं.

"दोरी दिसली पाह्यजे."

त्यानं दोरी जरा वर धरली.

"बैलही येऊ दे."

तो एका बाजूला सरकला.

चाचांचा फोन साधा, बटनाचा. वर एक बॅटरी, खाली आकडे. त्याला कॅमेराच नाही. हे शामरावला माहीत होतं, मला माहीत होतं, जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मोबाईलच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या प्रशांतला तर लांबूनच कळलं असणार. कोणी हसलं नाही. प्रशांत दोरी धरून, ताठ, त्या फोनकडं बघत उभा होता. त्याच्या तोंडावरून घाम चालला होता, तो त्यानं पुसला नाही.

चाचांनी बटन दाबलं. पीं असा आवाज आला.

"चांगला आला," म्हणाले, फोन खिशात ठेवला, आणि खाली बसून मोत्याचा पाय मांडीवर घेतला.